शून्याला न गोठणारं पाणी, धूळ आणि वेण्णा लेकचे दवबिंदू

थेंबभर

दर हिवाळ्यात एक बातमी ठरलेली असते: 'महाबळेश्वरात वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले'. सोबत फोटो, गाड्यांच्या टपावर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर, बोटींच्या जेटीवर पांढरा थर. आणि खाली प्रतिक्रियांत ठरलेला वाद: हवामान खात्याचा आकडा पाच-सहा अंशांच्या वर, मग बर्फ आला कुठून? त्याचं उत्तर सोपं आहे. खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरवर, पेटीच्या आडोशाला असतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री पानं, गवत, गाडीचा पत्रा आभाळाकडे उष्णता फेकत राहतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा कितीतरी अंश खाली उतरतात. त्यात तळ्याकाठच्या खोलगट जागी गार हवा साचते. एवढंच.

मला धागा काढायचाय तो त्याच्या पुढच्या प्रश्नावर. पान शून्याला पोचलं म्हणून दव गोठतं का?

नाही गोठत. पाण्याचा थेंब शुद्ध असेल आणि ढगातल्या थेंबाएवढा बारीक, म्हणजे मिलिमीटरचा एक-दोन शतांश असेल, तर तो उणे १० ला गोठत नाही, उणे २० लाही नाही. थेट उणे ३६ ते ३८ पर्यंत तो पाणीच राहतो. तापमापकावर ज्याचं नाव आहे त्या फॅरनहाइटनेच हे १७२४ साली लिहून ठेवलंय: बंद काचेच्या गोळ्यातलं पावसाचं पाणी कडाक्याच्या थंडीत ठेवलं तरी गोठेना. शून्य अंश हा खरं तर बर्फ वितळण्याचा आकडा. गोठण्याचा आकडा त्या पाण्यात काय पडलंय त्यावर ठरतो.

कारण असं. बर्फ व्हायचा तर काही रेणूंनी आधी षटकोनी जाळीत जागा धरायला हवी. पण असा इवला पुंजका तयार झाला की त्याला सीमा येते, आणि पाणी-बर्फाची सीमा राखायला ऊर्जा लागते. पुंजका फार लहान असेल तर ही सीमाच त्याला डोईजड होते आणि तो पुन्हा पाण्यात मोडून जातो. उणे ५ ला तग धरायला सुमारे १० नॅनोमीटर त्रिज्येचा पुंजका लागतो, उणे २० ला अडीच-तीन नॅनोमीटरचा भागतो. आपापल्या धडपडीतून इतके रेणू एकाच क्षणी जागेवर येणं उणे ३५ च्या वर जवळपास घडतच नाही. मात्र शेजारी एखादा योग्य घन पृष्ठभाग असेल तर सीमेचा बराचसा भार तो उचलतो, आणि मग काम फार आधी उरकतं.

ढगात हा पृष्ठभाग बहुतेक वेळा वाळवंटातली धूळ पुरवते. सहारा, अरबस्तान, थर, गोबी. वर्षाला एक ते पाच अब्ज टन धूळ हवेत जाते असे अंदाज आहेत. पण गंमत ही की धूळ म्हणजे सरसकट बीज, म्हणजे बर्फाला सुरुवात करून देणारा कण, नव्हे. या धुळीत वजनाने सुमारे दोन-तृतीयांश चिकणमातीची खनिजं असतात, केओलिनाइट, इलाइट, माँटमोरिलोनाइट वगैरे. अनेक दशकं संशोधकांची नजर त्यांच्यावरच होती. २०१३ साली लीड्स विद्यापीठातल्या गटाने प्रत्येक खनिज वेगळं काढून, पाण्यात मिसळून, थेंब गोठवून पाहिले तेव्हा खरा कार्यकर्ता दुसराच निघाला: पोटॅशियमवाला फेल्डस्पार, म्हणजे ग्रॅनाइटसारख्या खडकांतलं एक खनिज. धुळीत त्याचा वाटा किरकोळ, पण ढगात उणे १५ च्या खाली खनिजांमुळे जो बर्फ होतो त्यात त्याचंच पारडं जड.

आणि त्यातही सगळा फेल्डस्पार कामाचा नाही. २०१७ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहं इथल्या संस्थेतल्या संशोधकांनी फेल्डस्पारच्या कपच्यांवर बर्फ वाढताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. स्फटिक कुठेही उगवत नव्हते. ते भेगांत आणि पायऱ्यांसारख्या कडांवर उगवत होते, आणि एका कपचीवरचे सगळे एकाच दिशेला तोंड करून! तिथे उघडी पडलेली स्फटिकाची पातळी म्हणजे फेल्डस्पार जिथे सहज दुभंगतो ती नव्हे. ही एरवी उघडी पडतच नाही, फक्त अशा चिरांमध्ये तिचे बारीक तुकडे दिसतात. बर्फाचा षटकोनी खांबही तिथे तळावर उभा राहत नाही, आपली बाजूची भिंत तिला टेकवून वाढतो.

मी पोटापाण्यासाठी थेंब गोठवतो, त्यामुळे विचारा. जमेल तसं उत्तर देईन.

पोहे_आणि_चहा

भारी. म्हणजे पाकात साखरेचा एक दाणा राहिला की सगळा पाक साखरतो, तसंच का हे?

थेंबभर

अर्धं तसंच. पाकात पडणारा दाणा साखरेचाच असतो, त्यामुळे पुढच्या रेणूंना साचा आयता मिळतो. बर्फाच्या कणाने अतिशीत पाणी, म्हणजे शून्याखाली जाऊनही न गोठलेलं, गोठणं हे त्या जातीचं. धुळीचं नवल हे की ती बर्फ नसून साचा देते. पाकात वाळूचा खडा टाकून तो साखरला असता तर उपमा पूर्ण जुळली असती.

चर्चगेट_फास्ट

२३ जानेवारी २०२२ आठवतंय का? पाकिस्तानकडून समुद्रावरून आलेली धूळ, मुंबई-पुण्यात सगळं धूसर, गाड्यांवर पिठी पसरल्यासारखा थर. त्या धुळीने वर कुठे बर्फ केला असेल का?

थेंबभर

आपल्या नाकात आणि गाडीवर जी गेली तिने नाही. आपल्याकडे शून्य अंशाची पातळी मोसमाप्रमाणे साधारण साडेचार ते साडेपाच किलोमीटरवर असते, आणि फेल्डस्पारला हात दाखवायला त्याच्याही दोन-तीन किलोमीटर वर जावं लागतं. धूळ तिथवर पोचते ती उन्हाळ्यात, थर आणि अरबस्तान तापून हवा उंच उसळते तेव्हा, किंवा गडगडाटी ढगाच्या झोतात सापडून.

अवांतर: घाटमाथ्याच्या पावसाचा या सगळ्याशी संबंध कमीच. आंबोली-महाबळेश्वरला जो दिवसदिवस धरून कोसळतो त्यातला बराचसा बुटक्या ढगांतला असतो. त्यांचा माथा शून्याच्या पातळीला फारसा ओलांडत नाही. थेंब थेंबावर आदळून मोठे होतात आणि पडतात, बर्फाला मध्ये कामच नाही. उंच वाढणारा ढग, म्हणजे वळवाचा किंवा मराठवाडा-विदर्भातला गडगडाटी, तिथे बर्फाचं राज्य सुरू होतं.

गारगोटी

चाळीस वर्षं दगड फोडण्यात गेली, म्हणून या धाग्यावर राहवलं नाही. :)

थोडं घरचं सांगते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये फेल्डस्पार भरपूर आहे, पण तो प्लॅजिओक्लेज, म्हणजे कॅल्शियम-सोडियमचा. पोटॅशियमवाला जवळपास नाहीच. आणि त्याच बेसाल्टची माती झाली की आपली काळी, भेगाळणारी जमीन होते, तिचा गाभा माँटमोरिलोनाइटचा. पोटॅशियम फेल्डस्पार हवा असेल तर ग्रॅनाइट आणि नाइसचा (हा पट्टेदार खडक) प्रदेश गाठा: राजस्थान, पूर्व विदर्भ, खाली सिंधुदुर्गाचा काही भाग. थरच्या वाळूत तो आहे कारण तिथे अरवलीचा आणि हिमालयातून आलेला गाळ आहे.

घरातच पाहायचा असेल तर कोणाच्या ओट्यावर किंवा जिन्यावर गुलाबी ग्रॅनाइट आहे का बघा. त्यातले काचेसारखे करडे ठिपके क्वार्ट्‌झचे, काळे अभ्रकाचे, आणि नखाएवढे गुलाबी, सपाट, तिरक्या उजेडात आरशासारखे चमकणारे दाणे आहेत तोच पोटॅशियम फेल्डस्पार. भिंग लावलंत तर काही दाण्यांत पांढुरक्या, जवळजवळ समांतर रेषा दिसतील. खडक सावकाश थंड होताना सोडियम आणि पोटॅशियम एका घरात नांदेनासे झाले आणि वेगळे पट्टे करून बसले, त्या या रेषा. यालाच पर्थाइट म्हणतो. (काळा ओटा असेल तर त्यात हे शोधू नका, बाजारात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून विकतात तो बहुतेक वेळा ग्रॅनाइट नसतोच.)

मला विचारायचंय ते हे: तुमच्या त्या चिरा या पट्ट्यांशी जुळतात का?

थेंबभर

गारगोटीताई, नेमकं बोट ठेवलंत. लीड्सकडूनच २०१६ मध्ये फेल्डस्पारच्या सगळ्या भावंडांची तुलना आली. पोटॅशियमवाले पुढे, प्लॅजिओक्लेज बरेच मागे, सोडियमचा अल्बाइट अधेमधे. पण पोटॅशियमवाल्यांतही एक-दोन नमुने चक्क ढ निघाले. ज्यात हे पट्टे नव्हते ते ढ, ज्यात होते ते हुशार. दोन पट्ट्यांच्या जाळ्या एकमेकींत नीट बसत नाहीत, ताण पडतो, आणि त्या ताणाने अतिसूक्ष्म चिरा आणि खाचा तयार होतात. म्हणजे नुसतं पोटॅशियम असून भागत नाही, लाखो वर्षं जमिनीखाली सावकाश थंड व्हायला लागतं. ज्वालामुखीतून झटकन थंड झालेल्या सॅनिडिनला, म्हणजे पोटॅशियम फेल्डस्पारच्याच एका प्रकाराला, ते भाग्य नाही.

तेव्हा दख्खनची धूळ निव्वळ खनिज म्हणून पाहिली तर राजस्थानच्या धुळीपुढे फिकी पडायला हवी. 'निव्वळ खनिज म्हणून' यावर जोर आहे, त्याचं कारण मातीत जे जिवंत असतं त्यात आहे.

काडीपेटी

हे सगळं वाचून छान वाटलं. पण मग आपल्याकडे २००३, २०१५, २०१९ ला कृत्रिम पावसासाठी विमानं उडवली ती कशासाठी? धूळ एवढी फुकट उपलब्ध असताना कोट्यवधी खर्चून चांदी फवारायची?

(काडी टाकून पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

थेंबभर

काडी ओली निघाली तर माफ करा. आधी चांदीची गोष्ट सांगतो, ती मजेदार आहे.

१९४६ च्या जुलैत अमेरिकेत स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर घरगुती डीप फ्रीझरला आतून काळं मखमल लावून त्यात श्वास सोडत बसला होता. श्वासाचं धुकं व्हायचं, थेंब उणे २० च्या आसपास अतिशीत व्हायचे, पण बर्फ काही होईना. नाना प्रकारच्या भुकट्या टाकून झाल्या. एके दिवशी फ्रीझर पुरेसा गार वाटेना म्हणून त्याने कोरड्या बर्फाचा (गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) तुकडा आत टाकला, आणि प्रकाशाच्या झोतात क्षणात लाखो स्फटिक चमकायला लागले. कोरड्या बर्फाने बीज पुरवलं नव्हतं, त्याने आजूबाजूची हवा उणे ३९ च्या खाली नेली होती. तिथे थेंबाला बीज लागतच नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट याने स्फटिकांच्या मोजमापांची कोष्टकं चाळली. बर्फाच्या जाळीशी ज्याची जाळी जुळते असं काय आहे? सिल्व्हर आयोडाइड. एक-दोन टक्क्यांचाच फरक. ते उणे ५ च्या आसपास कामाला लागतं. फेल्डस्पारची धूळ ढगात जोर धरते ती त्याच्या १० अंश खाली. तुमच्या 'फुकट धूळ असताना' याचं उत्तर तेच: चांदी त्या मधल्या पट्ट्यासाठी.

मात्र नुसती जाळी जुळणं पुरत नाही. बेरियम फ्लोराइडची जाळीही बर्फाशी उत्तम जुळते आणि ते अगदीच सुमार बीज आहे. फेल्डस्पारचं उलट, जुळणी कागदावर डोळ्यात भरण्यासारखी नाही आणि काम चोख. कोष्टक पाहून बीज ओळखण्याचा मार्ग व्हॉनेगटला एकदा फळला, दरवेळी फळत नाही.

आता आपल्याकडचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर भागात जो प्रयोग केला त्यात भर होता तो ओलावा धरणाऱ्या मिठासारख्या कणांवर, ढगाच्या तळाशी सोडलेल्या. त्यांचा बर्फाशी संबंध नाही, ते थेंब मोठे करतात. पाऊस सरासरी अठराएक टक्क्यांनी वाढल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे, पण योग्य ढग असेल तरच. दुष्काळात नेमका ढगच नसतो. माझं मत विचाराल तर संशोधनासाठी विमान उडवणं आणि टंचाईच्या वर्षी ऑगस्टमध्ये घाईघाईने कंत्राट काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुसरी मला पटत नाही.

निफाडकर

भाऊ, धूळ-बिळ ठीक आहे, आमचं दुखणं गारांचं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चात विदर्भ-मराठवाड्यापासून आमच्यापर्यंत जे झोडपलं ते विसरणं नाही. द्राक्षाला गारेचा एक मार बसला की मणी तडकतो, मग कूज, मग व्यापारी बागेत पाऊल टाकत नाही. मध्ये एक जण गारा अडवणाऱ्या तोफेचं कोटेशन देऊन गेला. म्हणे आवाजाच्या लाटेने गार वरच्या वर फुटते. आणि दुसरा म्हणतो ढगात पावडर मारली की गारा बारीक होतात. तुम्ही त्यातले दिसता, खरं काय ते सांगा.

थेंबभर

निफाडकर दादा, तोफेचे पैसे वाचवा. वीज कडाडते तेव्हा ढगाला तोफेपेक्षा मोठा हादरा बसतोच, आणि गारा तरीही पडतात. तोफेने गारा थांबतात असं कोणालाही नीट दाखवता आलेलं नाही.

पावडरीचं जरा समजून घ्या, कारण त्यामागचा विचार बिनडोक नाही. गार मधोमध कापली तर आत कांद्यासारखे... नको, एक उपमा आधीच झाली. आत आळीपाळीने दुधाळ आणि पारदर्शक थर दिसतात. अतिशीत थेंब गारेवर आदळून लगेच गोठले तर हवेचे बुडबुडे अडकून थर दुधाळ होतो; पाणी इतकं आलं की गोठायला वेळ लागला तर बुडबुडे निसटतात आणि थर काचेसारखा होतो. अगदी मध्ये असतो गर्भ: बर्फाची मऊ गोळी किंवा गोठलेला मोठा थेंब. म्हणजे गारेला दोन गोष्टी लागतात, थोडे गर्भ आणि भरपूर अतिशीत पाणी. कल्पना अशी की बीज वाढवा, गर्भ वाढतील, तेवढ्याच पाण्यात वाटेकरी वाढले की प्रत्येक गार लहान राहील आणि खाली येईस्तो वितळेल.

सोव्हिएत काळात रॉकेटनी हे बरंच केलं गेलं. स्वित्झर्लंडमध्ये १९७७ ते १९८१ अशी पाच वर्षं तीच पद्धत काटेकोर चाचणीला लावली, ढग चिठ्ठी टाकून निवडले, गारा मोजल्या. फरक निघाला नाही. ढगातला वर जाणारा झोत किती जोरात आहे आणि त्यात पाणी किती आहे, यापुढे बीजाची खेळी कमी पडते.

तुमच्या बागेसाठी आज भरवशाची गोष्ट एकच, वर जाळी किंवा आच्छादन. महाग आहे हे मलाही कळतं.

निफाडकर

जाळीचा एकरी खर्च तुम्हाला माहीत नाही म्हणून 'कळतं' म्हणालात. :) पण तोफवाल्याला आता काय सांगायचं ते समजलं. आभारी.

अर्धवट_भौतिकी

दोन शंका.

१) ढगात बीजं किती असतात? लिटरभर हवेत किती?
२) गोठणं हा नशिबाचा खेळ आहे ना? मग एखादा थेंब उणे १२ ला कधी गोठेल हे वेळेवर अवलंबून नको का? तुम्ही मात्र प्रत्येक खनिजाला एक तापमान चिकटवल्यासारखं बोलताय.

थेंबभर

१) उणे २० ला कामाचं असं बीज लिटरभर हवेत ढोबळमानाने एक. तेवढ्याच हवेत सगळे मिळून कण असतात लाखांत, कधी त्याहून जास्त. म्हणजे लाखात एक.

एवढ्याने काय होणार असं वाटेल, पण तो एक पुरतो. अतिशीत पाण्यावरचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा जोर, बर्फावरच्यापेक्षा जास्त असतो, उणे १० ला सुमारे १० टक्क्यांनी. त्यामुळे एक थेंब गोठला की आजूबाजूचे थेंब वाळत जातात आणि त्यांची वाफ त्या स्फटिकावर येऊन बसते. १९२२ मध्ये टूर बेर्येरॉन हा स्वीडिश हवामानतज्ज्ञ ओस्लोजवळच्या डोंगरावर, फरच्या झाडीतल्या वाटेवरून फिरत होता. तापमान शून्याच्या वर असेल तेव्हा धुकं वाटेवर जमिनीपर्यंत यायचं, आणि शून्याच्या बऱ्याच खाली असेल तेव्हा झाडांमधली वाट मोकळी. फांद्यांवरचा बर्फ धुक्याचं पाणी ओढून घेत होता. थंड ढगातल्या पावसाचा सिद्धांत त्या निरीक्षणातून उभा राहिला. वेगेनरने, तोच खंड सरकवणारा, ही कल्पना १९११ मध्येच मांडली होती.

शिवाय बर्फ स्वतःची पिल्लंही घालतो. उणे ३ ते उणे ८ च्या दरम्यान थेंब बर्फगोळीवर आदळून गोठताना बारीक कपच्या उडतात, हॅलेट आणि मॉसप यांनी हे १९७४ मध्ये प्रयोगाने दाखवलं. म्हणून विमानातून मोजलं तर काही ढगांत स्फटिक बीजांच्या शेकडो पट भरतात.

२) हा वाद जुना आहे आणि दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण करून पाहिलं की कौल कुठे झुकतो ते दिसतं. गॅबर वाली या संशोधकाने तेच थेंब पुन्हापुन्हा वितळवून गोठवले. नशिबाचाच खेळ असता तर प्रत्येक फेरीत क्रम पार बदलला असता. तसं होत नाही. पहिल्या फेरीत जो थेंब लवकर गोठतो तोच पुढच्या फेरीतही लवकर, तापमानात अंशाच्या काही भागाचा फरक. म्हणजे त्या थेंबातल्या कुठल्याशा कणावरची एक ठराविक जागा दरवेळी आपलं काम करते. नशीब आहे, पण ते जागेच्या हाताखाली आहे.

आमच्याकडे रोज हेच दिसतं. तेलकट काचेवर मायक्रोलिटरचे थेंब रांगेत, खालून मिनिटाला एक अंश गारवा, वर कॅमेरा. बराच वेळ काहीच नाही. मग एक थेंब एकदम धुरकट होतो, त्याच्या टोकाला बारीक शंकू येतो, कारण पाणी गोठताना फुगतं आणि शेवटचं पाणी वर ढकललं जातं. मग दुसरा, तिसरा. फेल्डस्पारची भुकटी भरपूर असेल तर उणे १० यायच्या आत बहुतेक पांढरे होतात. अगदी शुद्ध पाण्याचे मोठे थेंब उणे २५ च्याही पुढे तग धरतात, फक्त एवढं शुद्ध पाणी मिळवणं हेच आमचं निम्मं काम.

मृदुला_एस

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. स्ट्रॉबेरीच्या पानांचा उल्लेख करून तुम्ही स्यूडोमोनास सिरिंजी या जिवाणूचं नाव अजून कसं काढलं नाही? वेण्णा लेकच्या पानांवर उणे दोन-तीनला दव गोठत असेल तर ते फेल्डस्पारचं काम असूच शकत नाही.

थेंबभर

मृदुलाताई, त्याचीच वाट पाहत होतो. बरोबर, धुळीची धाव तिथपर्यंत नाही. या जिवाणूच्या आवरणावरचं प्रथिन पाण्याला उणे २ लाच गोठवू शकतं, माहीत असलेल्या बीजांत सगळ्यात तरबेज. स्कीइंगच्या उतारांवर खोटा बर्फ करायला याच जिवाणूची मारलेली भुकटी 'स्नोमॅक्स' नावाने विकतात.

स्ट्रॉबेरीचा किस्सा तुम्हाला माहीत असेलच, इतरांसाठी लिहितो. स्टीव्हन लिंडो यांनी या जिवाणूतला बर्फाचा जनुक काढून टाकला. हेतू असा की बिनबर्फाचे जिवाणू आधीच पानावर जागा अडवून बसले तर हिवाळी रात्री पीक वाचेल. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्रेंटवुडला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यावर तो फवारला गेला. जनुक बदललेला जीव परवानगीने उघड्यावर सोडण्याची ती पहिली वेळ, आणि आदल्या रात्री विरोधकांनी निम्म्याहून जास्त रोपं उपटून टाकली होती.

आणि काळ्या मातीबद्दल राखून ठेवलेलं आता सांगतो. शेतातल्या मातीच्या कणांना जिवाणू, बुरशी, कुजलेल्या पानांचे अंश चिकटलेले असतात. म्हणून सुपीक मातीची धूळ उणे १५ च्या वर वाळवंटी धुळीपेक्षा चांगलं काम करू शकते, जरी तिच्यात फेल्डस्पार कमी असला तरी. ओळखायची युक्ती साधी आहे: नमुना पाण्यात घालून उकळा. प्रथिनं मोडतात, खनिजाला ढिम्म फरक पडत नाही. उकळल्यावर गोठायचं तापमान घसरलं तर श्रेय जिवाणूंचं, तसंच राहिलं तर दगडाचं.

गारगोटी

आणि हवेतला धूर, आम्लं? आमचा फेल्डस्पार पाण्या-आम्लाने सडून केओलिन होतो, तर ढगातही त्याची धार जात असणार.

थेंबभर

सल्फ्युरिक आम्लाचा थर चढला की धार बोथट होते, प्रयोगांत स्पष्ट दिसतं. पण अमोनियम सल्फेटच्या अगदी विरळ द्रावणात उलट ती वाढते, म्हणजे त्याच फेल्डस्पारचे थेंब काही अंश आधी गोठतात. साध्या मिठाने तसं होत नाही. उत्तर भारतावर धूळ आणि अमोनिया दोन्हीची रेलचेल असते, त्यामुळे मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

पोहे_आणि_चहा

राहवलं नाही म्हणून घरी करून पाहिलं. वाण्याकडचं बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, ॲल्युमिनियम फॉइलला व्हॅसलीनचं बोट, ट्रेमध्ये थेंबांच्या रांगा. एक रांग नुसत्या पाण्याची, एक कुंडीतल्या मातीची, एक गारगोटीताईंच्या गुलाबी ग्रॅनाइटची (फरशीवाल्याकडून तुकडा आणला, खलबत्त्यात कुटला, बायकोने खलबत्ता जप्त केला). फ्रीझरमध्ये ठेवून अधूनमधून डोकावलो. कुंडीची माती सगळ्यात आधी पांढरी. ग्रॅनाइट मागोमाग. नुसत्या पाण्याचे बरेच थेंब तेव्हाही काचेसारखे स्वच्छ होते! मग एकाला टाचणीच्या टोकाने बर्फाचा कण लावला तर डोळ्यादेखत गोठला.

गारगोटी

खलबत्ता नवा घ्या, जुना स्वयंपाकात नको. पुढच्या वेळी दगड सरसकट न कुटता भिंगाखाली गुलाबी दाणे वेचून घ्या, क्वार्ट्‌झ वेगळा. ताजा फोडलेला क्वार्ट्‌झही थोडा काम करतो, तो मिसळला तर तुम्हाला कोणाचं श्रेय ते कळणार नाही.

मृदुला_एस

हे मी नववीच्या मुलांकडून करून घेणार. पानं धुतलेलं पाणी, तेच उकळून, आणि साधं डिस्टिल्ड. काही सूचना?

थेंबभर

थेंब एकाच आकाराचे हवेत, मोठा थेंब म्हणजे जास्त कण, तो उगीचच आधी गोठतो. इन्सुलिनची सिरिंज सुई काढून वापरा. फ्रीझरचं दार उघडलं की तापमान उड्या मारतं, म्हणून ट्रेखाली जाड धातूची पाटी ठेवा, जुना तवा चालेल. उकळताना भांड्यावर झाकण ठेवा, नाहीतर पाणी आटून नमुना घट्ट होईल आणि तुलना बिघडेल. आणि तिन्ही रांगा एकाच ट्रेमध्ये, एकाआड एक लावा, कारण फ्रीझरचा मागचा कोपरा नेहमीच पुढच्यापेक्षा गार असतो.